घरात राहा, पण कोणत्या छताखाली?

एप्रिल उजाडला की सूचना सुरू होतात. दुपारी बारा ते तीन उन्हात फिरू नका, भरपूर पाणी प्या, ताक-पन्हं घ्या, डोकं झाका, शक्यतो घरातच थांबा. जिल्हा प्रशासन सांगतं, आरोग्य विभाग सांगतो, मोबाइलवर संदेश येतो. सल्ला चुकीचा नाही. फक्त तो देणाऱ्याच्या डोळ्यासमोर असलेलं घर स्लॅबचं, पंख्याचं, बहुधा एसीचं आहे. वाळूजमध्ये रात्रपाळी करून सकाळी खोलीवर परतलेल्या कामगाराला झोपायचं असतं ते नेमकं याच वेळात, आणि डोक्यावर असतो पत्रा. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बाईचं घर हाच तिचा कारखाना. बाळंतिणीला, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला ‘घरातच थांबा’ हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यांचं ऊन बाहेर नसतं, वर असतं.

खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हातल्या सरकारी सोहळ्यानंतर १४ जणांचा जीव गेला, तेव्हा मोकळं मैदान, मांडव, कार्यक्रमाची वेळ यांवर पुष्कळ चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर उन्हानं खचत गेलेल्या माणसाचा मृत्यू बहुतेक वेळा हृदयविकार, मधुमेह किंवा वय या खाती मांडला जातो. त्याची चौकशी होत नाही, कारण तिथे आयोजक कोणीच नसतो.

माझं म्हणणं असं, की उन्हाळा ही हवामान खात्याची जेवढी बाब आहे तेवढीच ती बांधकाम खात्याची आहे. छत गळू नये, कोसळू नये याची जबाबदारी आपण कायद्याने कोणावर तरी टाकतो. ते तापू नये, ही जबाबदारी मात्र घरात राहणाऱ्यावर सोडलेली आहे. हे उलटं करायला हवं, आणि सुरुवात मोठ्या इमारतींपासून नव्हे, सगळ्यांत लहान घरांपासून व्हायला हवी.

आधी तापमान कसं मोजतात ते बघू. ब्रह्मपुरी किंवा अकोल्याचा पारा ४५ वर गेल्याची बातमी येते, तो आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक ठेवतात ती लाकडी पेटी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच असते. ती पांढऱ्या रंगाने रंगवलेली असते, चारी बाजूंना दुहेरी झडपा असतात म्हणजे हवा खेळती राहते, आणि वरती एकावर एक अशी दोन छपरं असतात, मध्ये पोकळी ठेवून. तापमापकाला उन्हाची झळ लागू नये म्हणून काय करावं लागतं हे आपल्याला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. पांढरा रंग, दुहेरी छप्पर, खेळती हवा. हे सगळं आपण यंत्राला दिलं, माणसाला दिलं नाही.

दुसरी गोष्ट सूर्याच्या जागेची. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. काठी उभी केली तर सावली पडत नाही. नागपूरकरांचा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो तोही याच सुमारास. म्हणजे वर्षातलं सगळ्यांत कडक ऊन आपल्याकडे भिंतींवर जेमतेम तिरकं लागतं आणि छतावर सरळ पडतं. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर जवळजवळ एक हजार वॉट. लहानशा २५ चौरस मीटरच्या घरावर मग किती, त्याचा हिशेब करून बघा: एक हजार वॉटच्या पंचवीस शेगड्या माथ्यावर. खिडकीला पडदा लावा, अंगणात कडुनिंब लावा, दाराला वाळ्याची ताटी लावा, सगळं चांगलंच आहे. पण एकमजली घरात उष्णतेचा मुख्य दरवाजा वर आहे आणि तो उघडा आहे.

पत्र्याचं वागणं तर फसवं. नवा जस्ताचा पत्रा चकाकतो, त्यामुळे तो ऊन परतवत असेल असं वाटतं. अर्धंअधिक ऊन तो परतवतोही. पण जे उरलेलं ऊन त्यात शिरतं ते बाहेर टाकणं त्याला जमत नाही. कुठलाही तापलेला पृष्ठभाग न दिसणाऱ्या किरणांनी आपली उष्णता आकाशाकडे सोडत असतो. पांढरा रंग, चुना, माती, कौल हे काम चोख करतात. उघडा चकचकीत धातू त्यांच्या पाव-तृतीयांश इतकंच करतो. म्हणून पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो, आणि दोन-चार वर्षांत चकाकी जाऊन काळवंडला की परतवायचंही विसरतो. त्याची खालची बाजू सरळ माणसाच्या डोक्यावर झळ मारते. पंखा फिरवून ती झळ थांबत नाही, पंखा फक्त गरम हवा ढवळतो. पत्र्याचा एकच गुण, तो जाडीने एवढासा असल्याने सूर्य मावळला की तासाभरात निवतो.

स्लॅबचं दुखणं याच्या नेमकं उलट. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर ऊन पीत राहतं आणि ते आतल्या बाजूला पोचायला काही तास लागतात. दुपारी बारा वाजता स्लॅबखाली बरं वाटतं. संध्याकाळी सात-आठनंतर, बाहेर वारं सुटलेलं असताना, आत मात्र छत तापत असतं. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कोणालाही विचारा. हवामान खातं हल्ली दुपारच्या तापमानासोबत उष्ण रात्रींचाही इशारा देतं, ते उगाच नाही. दिवसा सोसलेला ताप शरीर रात्री भरून काढतं, आणि रात्रच निवली नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन आदल्या दिवसाच्या थकव्यावर पडतं. तीन-चार दिवसांच्या लाटेत माणसं तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोसळतात ती म्हणून.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, की आपले पूर्वज शहाणे होते, मातीची घरं किती थंड असायची. थंड असायचीच. मराठवाड्यातलं माळवद, म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा हात-दीड हात थर. दुपारी त्याखाली झोप लागायची. विदर्भातल्या कवेलूच्या, म्हणजे हाताने थापलेल्या मातीच्या कौलांच्या, घरात कवेलूंच्या फटींतून गरम हवा आपोआप वर निघून जायची. कोकणात कौलं, खोल पागोळ्या आणि पडवी. हे सगळं खरं आहे, आणि तरीही या मंडळींशी माझं जमत नाही. कारण लोकांनी ही छतं सोडली ती मूर्खपणाने नव्हे.

किल्लारीचं घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपलेली. लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात मेलेली हजारो माणसं प्रामुख्याने आपल्याच घराखाली मेली. भिंती दगडाच्या, पण चिखलात रचलेल्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला. वरती माळवद. पावसाळ्याआधी गळती थांबवायला दर वर्षी त्यावर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. थर वाढत गेला, घर थंड होत गेलं आणि जड होत गेलं. जे वजन दुपारी ऊन अडवत होतं तेच पहाटे पोटात घेऊन भिंती फाकल्या. त्यानंतर कित्येक कुटुंबं बरेच दिवस पत्र्याखालीच झोपली, आणि ज्यांनी पुढे बांधलं त्यांनी डोक्यावर हलकं काहीतरी असावं असंच पाहिलं. त्या माणसांना ‘माळवद बांधा, थंड असतं’ असं सांगायची हिंमत कोणी करू नये. (भिंती नीट बांधल्या आणि माती मापात ठेवली तर माळवदही टिकतं, हे मान्य. पण ते सांगणाऱ्याने आधी स्वतः त्याखाली झोपावं.)

कवेलूचं कारण कमी भीषण पण तितकंच खरं आहे. माकडं. जंगल तुटलं, टोळ्या गावात आल्या, आणि एका सकाळी छपरावर उड्या पडल्या की शंभर-दीडशे कवेलूंचा चुरा. कौलं परतायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, कुंभार आता कवेलू थापत नाही, सागाच्या बल्ल्या सोन्याच्या भावाने. कोकणातही हेच. गवताच्या छपराला आगीची भीती, विंचवाची भीती. पत्रा एका दिवसात बसतो, वीस वर्षं बघावं लागत नाही, घर बदललं तर उचलून नेता येतो. शिवाय जनगणनेच्या हिशेबात गवत-मातीचं छत कच्चं आणि पत्र्याचं छत टिकाऊ. प्रगतीच्या तक्त्यात पत्रा वरच्या रकान्यात जातो. पत्रा ही गरिबाची निवड आहे आणि ती विचारपूर्वक केलेली निवड आहे. ती मोडण्याऐवजी तिला दुरुस्त करणं हे धोरण असलं पाहिजे.

किल्लारीने घालून दिलेली अट म्हणजे छत हलकंच हवं. जुन्या घरांनी जाडी वापरून जे केलं ते आपल्याला वजन न वाढवता करायचं आहे. आणि ते येतं. त्यातला पहिला उपाय इतका साधा आहे की त्यामुळेच त्याची टिंगल होते: छत पांढरं करा. नव्या चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा थर सत्तर-ऐंशी टक्के ऊन परतवतो, तर जुनाट काळपट स्लॅब पाव-तृतीयांशच. शिवाय रात्री तोच थर उरलीसुरली उष्णता आकाशाला देऊन टाकतो. घराच्या आत साधारण दोन ते चार अंशांचा फरक पडतो. दोन-तीन अंशांनी काय होतं, असं एसीच्या खोलीत बसून वाटू शकतं. ४२ आणि ३९ यांच्यातला फरक ज्याने घामाने भिजलेल्या गादीवर काढला आहे तो असं म्हणत नाही.

चुना स्वस्त आहे, गावात मिळतो, लावायला कारागीर लागत नाही. पाण्यात कालवायचा, चिकटायला डिंक किंवा फेविकॉल घालायचं, झाडूने दोन हात मारायचे. त्याचा दोषही स्वच्छ सांगितला पाहिजे. पावसाळ्यात तो धुपतो आणि धुळीने मळतो, म्हणजे दर वर्षी मार्चमध्ये पुन्हा लावावा लागतो. पूर्वी माळवदावर माती टाकणं, कौलं परतणं ही वार्षिक कामं होतीच. त्यांच्या मानाने हे कमी कष्टाचं. गच्चीवर कायमचं करायचं असेल तर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, ज्याला आपल्याकडे चायना मोझॅक म्हणतात, ते सर्वांत उत्तम. पाणीही अडतं, ऊनही परततं, आणि बायकांना त्यावर कुरडया-पापड-मिरच्या वाळत घालता येतात. हा शेवटचा मुद्दा मी गमतीने लिहीत नाही. मराठी घरात गच्ची ही उन्हाळ्यातली खोली आहे. वाळवणं तिथे, झोपणं तिथे. जो रंग पायाला लागतो किंवा मिरचीचा डाग धरतो, तो दुसऱ्या वर्षी कोणी लावत नाही, मग योजना कितीही चांगली असो.

पत्र्याला नुसता रंग पुरत नाही. वरून पांढरा, आणि खाली वितभर पोकळी सोडून दुसरा थर, असं दोन्ही हवं. पोकळीला दोन्ही टोकांना वाट हवी, म्हणजे तापलेली हवा कोंडून न राहता निघून जाईल. लोक हे आपापल्या परीने करतातच. कोणी खालून बांबूचे तट्टे बांधतं, कोणी गोणपाट, कोणी पुठ्ठे. वरून पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) किंवा कडबा टाकणारेही आहेत, पण एका ठिणगीत हे सगळं पेटतं, म्हणून ते नको. निवडणुकीनंतरचे फ्लेक्सही छपरांवर पोचतात. पांढरी बाजू वर करून टाकले तर त्या फ्लेक्सनी जनतेसाठी काही केलं असं पहिल्यांदा म्हणता येईल.

बाजारात या दुसऱ्या थरासाठी मिळतं ते थर्माकोल किंवा फोम. उष्णता अडवण्यात दोन्ही चांगले. पण थर्माकोल भराभर पेटतो आणि जळताना विषारी धूर सोडतो, उंदीर तो कुरतडतात, आणि शेवटी तो नाल्यात जातो. फोम फुगवायला बरीच वर्षं जो वायू वापरला जायचा, एचसीएफसी-१४१बी, तो ओझोनच्या थराला घातक म्हणून भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केला. म्हणजे या वस्तूही आपोआप निर्मळ झालेल्या नाहीत, कायद्याने व्हाव्या लागल्या. आणि सिमेंटच्या पत्र्यांबद्दल एक इशारा: त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. रंग लावण्याआधी ते कोरडे घासू नयेत, त्यांना भोकं पाडू नयेत; तो भुसा फुप्फुसात गेला तर उन्हापेक्षा वाईट.

मला या सगळ्यात पऱ्हाटीचं गणित फार महत्त्वाचं वाटतं. विदर्भ-मराठवाडा-खानदेशात कापूस वेचून झाला की उभ्या पऱ्हाट्या उपटून बांधावर जाळतात. थोड्या चुलीला जातात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे ‘सिरकॉट’ने, या पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र केव्हाच विकसित केलं आहे. लाकडी भुशाच्या बोर्डाला पर्याय म्हणून ते पुढे आलं. मग छताखालच्या थराला का नाही? जिथे ऊन सगळ्यांत कडक तिथेच कच्चा माल पडून आहे. उसाच्या चिपाडाचेही बोर्ड होतात, पण चिपाडाला साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये आधीच किंमत आहे, पऱ्हाटीला नाही. ओल आणि वाळवी हे अशा बोर्डांचे शत्रू, तेव्हा प्रक्रिया नीट हवी, गळक्या पत्र्याखाली ते टिकणार नाहीत. पण हे प्रश्न सुटण्याजोगे आहेत. अडलंय ते मागणीवाचून. एखाद्या जिल्हा परिषदेने आपल्या पत्र्याच्या शाळाखोल्या आणि अंगणवाड्यांसाठी असे बोर्ड मागवायचे ठरवले, तर कारखाना काढायला कोणीतरी पुढे येईल. आज विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडा-पंधरवडा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, कारण वर्गात बसवत नाही. वेळापत्रक बदलणं आपल्याला जमलं, छत बदलणं सुचलं नाही.

आता शेजारी बघू. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्त मृत्यू झाले. त्या धक्क्यातून २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्मा कृती आराखडा त्या शहराने केला आणि २०१७ मध्ये वस्त्यांमधली छतं चुन्याने पांढरी करण्याचं काम त्याला जोडलं. नागपूरने आराखडा घेतला. इशारे, पाणपोया, दवाखान्यांची तयारी, हे सगळं त्यात आलं आणि त्याचा उपयोगही आहे. पण आराखडा हा लाट आल्यावर काय करायचं त्याचा कागद असतो. छत हे लाट येण्याआधीचं काम.

तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरण जाहीर केलं. पाच वर्षांत राज्यभर ३०० चौरस किलोमीटर छत थंड करायचं, त्यातलं २०० हैदराबादेत. सरकारी आणि व्यापारी इमारतींना सक्ती, आणि निवासी इमारतींत ६०० चौरस यार्डांपासूनच्या भूखंडांना. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या चार जिल्ह्यांची हद्द त्या राज्याला लागून आहे. ऊन हद्द पाळत नाही, धोरण पाळतं. मात्र तेलंगणाची नक्कल करू नये असंही मला वाटतं, निदान एका बाबतीत. सक्ती मोठ्या भूखंडापासून सुरू होते आणि लहान घराला ऐच्छिक ठेवते. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने केलेल्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’चंही तेच. तिथे छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा आहे: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमागे १.२ वॉट. साधा उघडा स्लॅब याच्या अडीच-तीन पट उष्णता आत सोडतो. मर्यादा रास्त आहे. पण ती लागू कोणाला? ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींना. म्हणजे ज्याला एसीचं बिल परवडतं त्याच्या बिलाची काळजी नियमाने घेतली, आणि ज्याच्याकडे पंखाच आहे तो नियमाच्या बाहेर. ऊर्जा वाचवण्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. जीव वाचवण्याच्या दृष्टीने ते उफराटं आहे.

महाराष्ट्राच्या हातात याहून चांगलं साधन आहे: घरकुल. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचं. राज्याने २०२५ मध्ये त्यात आपले ५० हजार घातले आणि त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी ठेवले. पॅनेलची सावली छताला पडते, तेवढा फायदाही आहे. म्हणजे छतासाठी वेगळा पैसा काढता येतो हे सरकारला मान्य आहे. छत थंड करण्याचा किमान खर्च तेलंगणाच्या अंदाजाने चौरस मीटरला सुमारे ३०० रुपये. घरकुलाला साडेसात हजार. चुनाच वापरला तर त्याच्या कितीतरी आत. लाखो घरं अजून बांधायची आहेत; एकदा उघडा स्लॅब ओतून झाला की पुढची चाळीस वर्षं त्याखालचं कुटुंब ती चूक भोगणार.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, की लोक हळूहळू कूलर-एसी घेतीलच. कूलर कोरड्या उन्हात खरोखर चांगला आहे, विदर्भ त्याच्याच आधारावर उन्हाळा काढतो. पण त्याला पाणी लागतं, आणि मराठवाड्यात मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला कूलरसाठी दोन घागरी जास्त भर म्हणून कोण सांगणार? वीज गेली की तोही थांबतो. एसी आपली उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे शेजारच्या पत्र्याच्या खोलीकडे. आणि थंड छताखाली कूलर किंवा एसी असेल तर तो कमी चालतो, तेव्हा हे दोन उपाय एकमेकांचे वैरी नाहीतच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि रस्त्यांच्या कामांच्या अनुभवावरून तो मला पटतो: ही योजना रंगाच्या ठेकेदारांची होईल. महागडा परदेशी रंग, त्यात पाणी, फोटो, बिल, विषय संपला. म्हणून काम ठेकेदाराला न देता बचत गटांना द्यावं, चुना आणि मोझॅकला पहिली पसंती असावी, आणि पैशाचा एक हिस्सा पुढच्या उन्हाळ्यात छत पुन्हा तपासून मगच द्यावा. छताचं तापमान मोजणारी बंदूक हजार-दोन हजारांत मिळते. कोविडमध्ये तसलीच बंदूक, फक्त अंगाचा ताप मोजणारी, प्रत्येक दारावर होती.

कोकणाला यातून वगळावं. तिथे चुना एका पावसात शेवाळून काळा पडतो, आणि खरा त्रास दमटपणाचा. तिथे कौलं टिकवायला मदत करणं, पत्रा घातलाच तर खाली पोकळी आणि वारा यांची सोय करणं, हे जास्त उपयोगाचं. एकच शासन निर्णय सावंतवाडीला आणि सावनेरला लावायची आपली जुनी खोड इथे तरी नको.

भाडेकरूचा प्रश्न सगळ्यांत अवघड. बुटीबोरी, चाकण, वाळूज इथल्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये उकाडा भाडेकरूला आणि छत मालकाचं. मालक कशाला खर्च करेल? इथे महापालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी घरपट्टीत सूट द्यावी, आणि ती पुरी पडली नाही तर भाड्याच्या खोल्यांना सक्तीच करावी. बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या वसाहतींबद्दल तर सक्तीखेरीज दुसरा शब्द नाही. तात्पुरत्या निवासाची जबाबदारी १९९६ च्या कायद्यानेच मजुरांना कामावर ठेवणाऱ्यावर टाकली, आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून मजुरांसाठी निधीही जमा होतो. शहराचे स्लॅब ओतणारी माणसं स्वतः पत्र्याखाली भाजतात, आणि त्यांच्याच नावाचा पैसा बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या खात्यात असतो.

घरकुलाचा हप्ता मिळतो तो फोटोवर. पाया झाला, जोतं झालं, छत पडलं, घर पूर्ण झालं, प्रत्येक टप्प्याला मोबाइलवरून जागेच्या नोंदीसह फोटो चढवावा लागतो. शेवटच्या फोटोत लाभार्थी कुटुंब दारापुढे उभं असतं, मागे योजनेचं नाव रंगवलेली भिंत. नियमात एक ओळ वाढवून आणखी एक फोटो मागता येईल, शिडीवर चढून काढलेला, छताचा. त्याला वेगळं ॲप लागत नाही, वेगळा अधिकारी लागत नाही, आणि जानेवारीत निर्णय झाला तर त्याच मार्चपासून लागू करता येतो.